निवडुंगाचा तुरा

परसांतला लाल मखमलीचा कोंबडा आणि ज्वारीच्या शेतांत माजणारें कुर्डू हीं एकाच जातीचीं झाडें आहेत, असें सांगितलें तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. कुर्डूचा तुरा सडपातळ, टोकदार. कोंबड्याचा रुंद, चुणीदार, वळ्यावळ्यांचा. पण वनस्पतिशास्त्राच्या मतें कोंबडा म्हणजे कुर्डूच्या देंठाला जडलेली एक विकृति असून माणसानें ती बीं राखराखून पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. लिनीअसनें १७५३ सालीं कोंबड्याला ‘क्रिस्टाटा’, म्हणजे तुरेवाला, असें नांव दिलें. हाच शब्द पुढें निवडुंगांतल्या एका चमत्कारिक वर्गाला चिकटला. फरक एवढाच, कीं कोंबड्याचें बीं पेरलें तर कोंबडा उगवतो. तुरेवाल्या निवडुंगाचें बीं पेरलें तर बहुधा साधा निवडुंगच हातीं येतो. त्यामुळें या तुऱ्याचा इतिहास हा बऱ्याच अंशीं माणसाच्या हातांचा इतिहास आहे.

तुरा होतो तो असा. प्रत्येक फांदीच्या टोकाशीं, टाचणीच्या डोक्याहूनहि लहान असा वाढीचा एक बिंदु असतो. त्याच्याभोंवतीं सर्व बाजूंनीं सारखी भर पडत गेली म्हणजे गोल खांब तयार होतो. कांहीं कारणानें तो बिंदु ताणला जाऊन त्याची रेषा झाली, कीं खांबाच्या जागीं पंखा उमलूं लागतो. रेषा वर्षानुवर्षें लांबते, तिला जागा पुरत नाहीं, आणि मग पंखा नागासारखी वळणें घेत स्वतःभोंवतींच दुमडतो.

विद्वानांनीं या प्रकाराकडे प्रथम विकृति म्हणूनच पाहिलें. फ्रान्समध्यें मोकँ-ताँदोँ यानें १८४१ सालीं वनस्पतींच्या व्यंगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि इंग्लंडमध्यें मॅक्सवेल मास्टर्स यानें १८६९ सालीं तसाच दुसरा. गंमत अशी, कीं या दोहोंच्या मधल्या काळांत या व्यंगानें शास्त्राची फार मोठी सेवा करून ठेविली होती. ब्रनो येथील मठांत मेंडेलनें वाटाण्याच्या ज्या सात लक्षणांवर प्रयोग केले व १८६६ सालीं प्रसिद्ध केले, त्यांतलें एक लक्षण फुलांच्या जागेचें होतें. ज्या वाटाण्याचीं फुलें शेंड्याशीं गुच्छानें येत, त्याचें खोड वरच्या भागांत पसरट झालेलें असे. आनुवंशिकतेच्या नियमांपैकीं एक साक्षीदार असा तुरेवालाच होता! पुढें हॉलंडमधील ह्यूगो द फ्रीस यानें दाखविलें, कीं रक्तांत गुण असून भागत नाहीं, भरपूर पोषणहि लागतें. १९३६ सालीं अमेरिकेंत टिल्फर्ड यानें स्वीट पीच्या अशा विकृतीमागें एक जंतु असल्याचें सिद्ध केलें. आणि १९९७ ते १९९९ या दोन वर्षांत, मोहरीच्या कुळांतल्या अरॅबिडॉप्सिस नांवाच्या चिमुकल्या रोपावर काम करतांना, वाढीच्या बिंदूला आवरून धरणारीं जनुकें सांपडलीं. तीं बिघडलीं म्हणजे बिंदु आवरेनासा होतो.

तरीहि ॲरिझोनाच्या वाळवंटांत चाळीस फूट उंचीच्या सवारो निवडुंगाच्या माथ्यावर एकाएकीं भला थोरला पंखा कां उमलतो, हें निश्चितपणें कोणी दाखवूं शकलेलें नाहीं. हजारों झाडांत एखादेंच तसें असतें, आणि सवारो वाढतो इतका सावकाश, कीं असा पंखा पाहणाऱ्याच्या आजोबांच्या आधींहि तेथेंच उभा असावा. १९३३ सालीं टूसॉन शहराजवळ सवारोंचें राखीव क्षेत्र झालें. १९९४ पासून तें राष्ट्रीय उद्यान आहे. पण कुंपण घातल्यानें चोर थांबत नाहींत. तेथील कित्येक झाडांच्या अंगांत खुणेच्या सूक्ष्म चकत्या बसवाव्या लागल्या. २०२० सालीं इटलींत चिलीच्या वाळवंटांतून उपटून आणलेले हजारावर निवडुंग पोलिसांनीं पकडले; पुढल्या वर्षीं त्यांतले आठशेंहून अधिक परत स्वदेशीं धाडले गेले. बागेंत शोभा म्हणून ठेवावयाचें झाड डोंगर उघडा करून आणलेलें असेल, तर त्या शोभेला काय म्हणावें?

या प्रश्नाचें एक बरेंचसें समाधानकारक उत्तर मात्र आपल्या परिचयाच्या कुंपणांतून निघालें आहे. मराठींत निवडुंग हा शब्द सैल आहे. फड्या निवडुंग अमेरिकेंतून आलेला. चीक गाळणारे त्रिधारी वगैरे निवडुंग येथले, आणि त्यांचें कुळ अगदीं निराळें. या चिकाच्या कुळांतल्या एका भारतीय जातीचें हॉवर्थ या इंग्रज वनस्पतिज्ञानें १८१२ सालीं ‘युफोर्बिया लॅक्टिया’ असें नामकरण केलें. तिचा तुरा पोंवळ्याच्या खडकासारखा सुंदर दिसतो, पण स्वतःच्या मुळांवर तो सावकाश वाढतो. म्हणून माळी त्याचें कलम संस्कृत ग्रंथांतल्या स्नुहीच्या, म्हणजे जाड पानांच्या निवडुंगाच्या, खुंटावर बांधतात. थायलंडांत अशीं कलमें व्यापारासाठीं मोठ्या संख्येनें तयार होतात. वन्य जीवांच्या व्यापाराविषयीं १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें ठरलेल्या करारांत, ज्यांत भारत १९७६ सालीं सामील झाला, रसाळ युफोर्बियांवर निर्बंध आहेत. पण स्नुहीच्या लागवडीच्या खुंटावर बांधलेल्या, लागवडींतल्याच लॅक्टियाच्या तुऱ्यांना त्यांतून नांव घेऊन सूट दिलेली आहे. कुंपणाच्या निवडुंगाला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

कलमाची रीत अवघड नाहीं. बोटाएवढ्या जाडीचा खुंट आडवा कापून मध्यें खांच पाडावी, तुऱ्याचा तुकडा पाचरीसारखा तासून तींत बसवावा व सैल न पडेल असा बांधावा. तत्पूर्वीं दोन्ही जखमांवरचा चीक पाण्यानें पुसून घ्यावा. तो डोळ्यांत गेल्यास फार इजा होते. हातमोजे घालावे हें बरें. मग दोन-तीन आठवडे सावलींत. कुंडींत वाळू व विटांचा चुरा भरपूर असावा. आपल्याकडे या झाडाचा शत्रु ऊन नव्हे, आषाढ-श्रावणांतला पाऊस होय. तुऱ्याच्या वळ्यांत पाणी सांचून राहिलें, कीं कूज आंतून सुरू होते आणि बाहेर दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून चार महिने कुंडी वळचणीच्या आंत घ्यावी व पाणी मुळाशीं, तेंहि माती कोरडी झाल्यावरच घालावें.

एवढें करूनहि एखाद्या दिवशीं पंख्याच्या कडेला एक साधी, गोल, जोमदार फांदी फुटलेली दिसते. झाडाची मूळ प्रकृति परत येऊं पाहत असते. ती फांदी तुऱ्याहून झपाट्यानें वाढते आणि सगळा रस ओढून घेते, त्यामुळें ती दिसतांच धारदार चाकूनें बुडापासून काढावी लागते. काढलेली फांदी फेंकण्याचें कारण नाहीं. आठवडाभर सुकवून मातींत खोंचली, कीं तिचें साधें, सरळ झाड होतें, आणि पुढें कुंपणाच्या कामीं येतें.