इच्छामरणाचा अर्ज

परराज्यात उपविभागीय अधिकारी असताना जनसुनावणीत एका वृद्ध गृहस्थांनी माझ्यापुढे अर्ज ठेवला. मागणी एकच होती, इच्छामरणाची परवानगी. दोन मुलगे, जमिनीच्या वाटणीवरून दोघांत वैर, आणि वडिलांशी दोघांचाही अबोला. अशी परवानगी देण्याचा अधिकार भारतात कोणत्याही अधिकाऱ्यास नाही. अर्ज निकाली काढणे सोपे होते.

या प्रश्नाचा इतिहास मात्र सोपा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ ने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरविला. १९८६ मध्ये एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच मत दिले; परंतु १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरविले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असा तो निर्णय होता. २०११ मध्ये अरुणा शानबाग प्रकरणी याचिका फेटाळताना न्यायालयाने तिची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या केईएम रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनाच तिचे खरे आप्त मानले. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने असाध्य रुग्णाचे उपचार थांबविण्यास आणि त्यासाठीच्या पूर्वलिखित इच्छापत्रास मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ उरले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न मात्र गुन्हाच राहिला.

परंतु माझ्यापुढील गृहस्थ असाध्य रुग्ण नव्हते. ते एकाकी होते. त्यांच्या अर्जाचे उत्तर निराळ्या कायद्यात होते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्याचे न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकते, आणि सुनावणीपूर्वी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे सोपवू शकते. मी मरणाचा अर्ज निर्वाहाचा अर्ज म्हणून दाखल करून घेतला व मुलांना नोटिसा काढल्या.

सलोखा झाला नाही. अखेर दरमहा रकमेचा आदेश दिला. कायदा मुलाच्या खिशापर्यंत पोहोचतो. बापाच्या ओसरीवर त्याला बसविणे कायद्याच्या हाती नाही. पुढे पटवाऱ्याकडून कळले, की धाकट्याने पहिली रक्कम टपालाने न पाठविता स्वतः नेऊन दिली आणि तो रात्री जेवूनच परतला.

माझे आई-वडील तेव्हा गावी, हजार किलोमीटरवर होते. त्या रात्री मी घरी दूरध्वनी केला. त्यानंतर असा अर्ज आला, की कायद्याचे कलम सांगण्याआधी मी एकच विचारीत असे : घरात तुमच्याशी कोण बोलत नाही?