झगवानची नहर

उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियाचे नाव निघाले की आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांना दोन गोष्टी आठवतात. हजरत उक्बा बिन नाफे यांनी इ. स. ६७० मध्ये वसवलेले कैरवान आणि १३३२ मध्ये ट्युनिस शहरात जन्मलेला इब्न खल्दून. त्याआधी तिथे काय होते हे आम्ही मुलांना सांगत नाही. जाहिलियतचा जमाना म्हणतो आणि पान उलटतो.

पण त्या मुलखात फिरताना पान असे उलटता येत नाही. ट्युनिसहून दक्षिणेला झगवानच्या डोंगराकडे जाताना शेतांमधून उंच दगडी कमानींची रांग दिसते. ही रोमनांची नहर. दुसऱ्या शतकात, सम्राट हेड्रियनच्या सुमारास ती बांधली गेली. झगवानच्या झऱ्यांचे पाणी सुमारे १३० किलोमीटर वाहत कार्थेजला पोहोचत असे. याच कार्थेजला रोमनांनी इ. स. पूर्व १४६ मध्ये जमीनदोस्त केले होते आणि पुढे स्वतःच पुन्हा वसवले होते. इ. स. ६९८ मध्ये ते अरबांच्या हाती आले आणि शेजारचे ट्युनिस वाढू लागले.

मग नहरीचे काय झाले? तेराव्या शतकात हफ्सी घराण्याचा सुलतान अल मुस्तनसिर याने ती दुरुस्त करून घेतली आणि तिचे पाणी ट्युनिसकडे वळवले. काफिरांची म्हणून ती त्याने टाकून दिली नाही.

कैरवानच्या जामा मशिदीतही हेच दिसते. आजची इमारत मुख्यतः ८३६ मध्ये अगलबी अमीर जियादतुल्लाह याने उभारलेली आहे. आतले शेकडो खांब जुन्या रोमन आणि बायझंटाइन इमारतींमधून आणलेले आहेत. एकाचे शीर्ष दुसऱ्यासारखे नाही, तरी सफा सरळ आहेत. सगळेच जतन झाले असेही नाही. एल जेमच्या भव्य रोमन रंगमंडलाचे दगड लोकांनी घरे बांधायला नेले.

या अवशेषांकडे पाहावे कसे, हे इब्न खल्दूनकडून शिकावे. एवढी प्रचंड बांधकामे पूर्वीच्या राक्षसी देहाच्या माणसांनी केली, अशी लोकांची समजूत होती. 'मुकद्दमा'मध्ये त्याने ती खोडून काढली. माणसे आपल्याएवढीच होती. सल्तनत ताकदवान असली, हजारो हात एकत्र आले आणि यंत्रांची मदत मिळाली की अशी कामे होतात, असे त्याने बजावले. दाखल्यांमध्ये कार्थेजची नहरही आहे. त्याच्या मोठ्या इतिहासग्रंथाचे नाव 'किताबुल इबर'. इबर म्हणजे इबरतचे अनेकवचन.

कुरआनातही जमिनीवर हिंडून पूर्वीच्या कौमांचा अंजाम पाहण्याची ताकीद वारंवार आली आहे. आम्ही त्यातली भीती तेवढी घेतली, पाहणे सोडून दिले.

आमच्या शाळेची सहल दरवर्षी खुलदाबादला जाते. बुजुर्गांच्या मजारींवर फातिहा पढून बस परत फिरते. वेरूळची लेणी तिथून चार-पाच किलोमीटरवर आहेत. "सर, तिकडे काय आहे?" असे एखादा मुलगा विचारतो, आणि उशीर झाला, असे आम्ही सांगतो. ज्या हातांनी तो डोंगर कोरला ते याच मातीतले, म्हणजे आमच्याही पूर्वजांचे असतील. कैरवानच्या मशिदीला जे परके वाटले नाही, ते आम्हाला का वाटावे? पुढच्या सहलीत बस तिथेही थांबवू.