साहेबांचा वकील

आम्ही वकील नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कायद्याचे पुस्तक आम्हांस प्रथम उघडावयास लावले ते एका बंडीवाल्याने. तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात त्याची बंडी जप्त झाली. सुटली तेव्हा दोन पावसाळ्यांनी ती कुजली होती, आणि जप्ती करणारे साहेब पेन्शनीत निघाले होते. युनियनच्या कचेरीत येऊन तो म्हणाला, “साहेब आता घरी बसला. आता तं दावा लावता येते ना भाऊ?”

खुर्ची गेली की तिचे छत्रही गेले, असा त्याचा समज; आमचाही तोच. पुस्तक निराळे सांगते. 1908 च्या दिवाणी संहितेचे कलम 80 पाहते ते कृत्याकडे. हुद्द्याच्या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल दावा लावावयाचा तर आधी दोन महिन्यांची लेखी नोटीस हवी. 1921 च्या दंग्यानंतर मालेगावच्या लोकांवर जादा पोलिसांचा खर्च बसविला गेला. काहींनी दोन महिने न थांबता दावा केला, तो 1927 साली थेट प्रिव्ही कौन्सिलात या एका कारणावर बुडाला. नोटिशीनंतर येतो आदेश 27. सरकारने बचाव पत्करला की सरकारी वकील साहेबांच्या वतीने उभा राहतो. न पत्करला तर तो दोन खाजगी माणसांचा दावा. 1959 साली केंद्राने आपल्या नोकरांसाठी हेच नियमांत बसविले : काम सरकारी असेल तर मदत, घरगुती भानगड असेल तर नाही.

चाल विलायतेतली जुनी आहे. 1763 साली लॉर्ड हॅलिफॅक्स या मंत्र्याच्या वॉरंटावर जॉन विल्क्सचे कागदपत्र उचलले गेले. 1769 साली ज्यूरीने विल्क्सला 4,000 पौंड भरपाई दिली, तेव्हा हॅलिफॅक्सचे ते मंत्रिपद कधीच गेले होते. पैसे भरले सरकारी खजिन्याने!

चांदा-गडचिरोलीच्या जंगलात याला आणखी एक कुंपण आहे. 1927 च्या वन कायद्याचे कलम 74 म्हणते, सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल दावाच चालणार नाही. त्याच कायद्यात, कलम 62 मध्ये, उगाच छळापायी जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने कैद किंवा 500 रुपये दंड सांगितला आहे. हे कलम आम्ही कितीतरी सभांतून वाचून दाखविले, ऐकणाऱ्यांना ते नवेच असे.

सरकारी वकिलाला आमचा विरोध नाही. आलापल्लीच्या सागवानात चोरटी गाडी अडविणाऱ्या वनरक्षकाला उद्या ठेकेदाराने कोर्टात खेचले, तर त्या गरिबाने वकील कोठून आणावा? आमचे म्हणणे समोरच्या बाकाविषयी आहे. निर्धनाला कोर्ट फीची सवलत जुनी. पण त्याला वकील देण्याची गोष्ट संहितेत 1976 साली आली, त्याच साली घटनेत कलम 39-अ आले. विधी सेवांचा कायदा झाला 1987 साली, लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला. त्याच्या कलम 12 मध्ये आदिवासी आहे, स्त्री आहे, औद्योगिक कामगारही आहे.

बंडीवाला गोंड होता, आणि तो आला तो या कायद्यानंतर. आम्ही त्याला नोटीस लिहून दिली. दोन महिने भरले तेव्हा धानाची रोवणी चालू होती. वकिलाची फी जमेना म्हणून त्याने तारीख दोनदा पुढे ढकलली, मग तो आलाच नाही, आणि दाव्याची मुदतही टळली. तालुक्याला त्याला फुकट वकील मिळाला असता. हे आम्हांला ठाऊक झाले त्याच्या पुढल्या वर्षी.