व्हिनेगरमधले अंडे

व्हिनेगरमध्ये मुरलेले अंडे इतके मऊ होते की ते अंगठीतून ओढून काढता येते, अशी नोंद रोमन लेखक थोरल्या प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात करून ठेवली आहे. क्लिओपात्राने व्हिनेगरमध्ये मोती विरघळवून तो प्यायल्याची प्रसिद्ध कथाही त्याच्याच ग्रंथात येते. मोती आणि अंड्याचे कवच दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यामुळे कथेला आधार आहे. मात्र अखंड मोती विरायला तासन् तास लागतात. मेजवानीच्या एका घोटात ते होणारे नाही.

सोळाव्या शतकात नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ताने ‘माजिया नातुरालिस’ या ग्रंथात मऊ केलेले अंडे निमुळत्या गळ्याच्या बाटलीत घालण्याची युक्ती दिली. तोवर सगळे कुतूहल मागे उरणाऱ्या लिबलिबीत अंड्याचेच होते. कवचातून सुटणाऱ्या बुडबुड्यांचे पुढे काय होते, हा अधिक मोलाचा प्रश्न दुर्लक्षितच राहिला.

तो सोडवण्याची वाट फ्लँडर्सच्या यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंटने दाखवली. कवचासारख्या पदार्थांवर आम्ल पडले की बाहेर पडणारी वस्तू साध्या हवेहून वेगळी असते, हे त्याने ओळखले आणि तिला ‘गॅस’ म्हटले. पुढे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५४च्या प्रबंधात मॅग्नेशिया अल्बा या मॅग्नेशियमच्या कार्बोनेटवर काम करताना तराजू हाती घेतला. आम्ल टाकल्यावर वजनात जी घट येते ती निसटलेल्या वायूची, हे त्याने दाखवले. हाच वायू चुन्याच्या निवळीला दुधाळ करतो, ही त्याची खूण आजही शाळेत शिकवली जाते.

कवचाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाशी त्याची गाठ पडली की कॅल्शियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. अंडे ग्लासात सोडताच त्याच्या अंगभर बारीक बुडबुडे धरतात आणि पृष्ठभागावर फेस साचतो. तपकिरी अंड्याचा रंग बाहेरच्या थरांतच जास्त असल्याने तो आधी सुटतो आणि खालचा पांढरा थर उघडा पडतो. बुडबुडे मंदावले की व्हिनेगर बदलावे लागते. एक-दोन दिवसांनी उरलेला पिठूळ थर नळाखाली हलक्या हाताने चोळला की निघून जातो.

आत राहतो तो प्रथिनांचा पातळ पापुद्रा. पाणी त्यातून आरपार जाते, अंड्याच्या पांढऱ्या बलकातली प्रथिने मात्र अडतात. १७४८मध्ये फ्रान्सच्या झाँ-आँत्वान नोलेने डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्यातून पाणी मद्यार्काकडे शिरताना पाहिले होते. पडद्यातून पाण्याचे असे आरपार जाणे म्हणजे परासरण, आणि घरच्या प्रयोगातही तेच घडते. कवच गेलेले अंडे साध्या पाण्यात ठेवले तर टम्म फुगते, साखरेच्या दाट पाकात ठेवले तर पाणी गमावून सुरकुतते.