अतिपोटॅशियमरक्तता, अकालजात अर्भकांतील
रक्तद्रवातील पोटॅशियमाचे प्रमाण लिटरमागे सु. ६ ते ६·५ मिलिमोलांपेक्षा अधिक झाल्यास अकालजात अर्भकांच्या बाबतीत ही संज्ञा वापरतात. गर्भावधीचे २८ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकांत ही अवस्था विशेषेकरून आढळते व बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत उद्‌भवते. तीमुळे हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. तिच्या चिकित्सेतील बहुतेक उपाय मुळात प्रौढ रुग्णांसाठी योजलेले होते. ते अर्भकांना कितपत मानवतात, हे पुढे अनुभवाने ठरत गेले.

पोटॅशियम व कॅल्शियम यांचे हृदयस्नायूवरील परिणाम परस्परविरोधी असतात, हे सिडनी रिंगर या इंग्रज वैद्यांनी १८८२–८३ च्या सुमारास बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांनी दाखविले. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देण्याचा उपाय याच तत्त्वावर आधारलेला आहे. त्यामुळे पोटॅशियम कमी होत नाही, पण हृदयास तात्पुरते संरक्षण मिळते. १९२१ मध्ये इन्शुलिनाचा शोध लागल्यावर ते ग्लुकोजासह देऊन रक्तातील पोटॅशियम कोशिकांत लोटण्याचा मार्ग उपलब्ध झाला. १९५८ पासून अमेरिकेत आयन-विनिमय रेझिनाचा वापर मान्य झाला. ते आतड्यात पोटॅशियम बांधून मलावाटे बाहेर टाकते.

प्रारंभी या विकाराचा दोष अपक्व मूत्रपिंडांकडे व अल्प मूत्रोत्सर्गाकडे दिला जाई. १९८० नंतरच्या दशकात मात्र मूत्राचे प्रमाण पुरेसे असलेल्या अर्भकांतही पोटॅशियम वाढते, असे स्पष्ट झाले. कोशिकेतून सोडियम बाहेर व पोटॅशियम आत नेणाऱ्या एंझाइमाचा शोध डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये लावला होता. हा ‘पंप’ अपक्व असल्याने कोशिकांतील पोटॅशियम रक्तात उतरते, असे स्पष्टीकरण पुढे आले.

या ज्ञानाने उपायांचा क्रम बदलला. रेझिनामुळे अकालजात अर्भकांच्या आतड्यात अवरोध, रक्तस्राव व ऊतकमृत्यू झाल्याचे आढळल्याने त्याचा वापर टाळला जाऊ लागला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर समालोचनात गुदमार्गे दिलेल्या रेझिनापेक्षा इन्शुलिन व ग्लुकोज अधिक पसंत ठरले. तथापि उपलब्ध चाचण्या लहान व थोड्या असल्याने ठाम शिफारस करता आली नाही. इन्शुलिन देताना रक्तशर्करा वारंवार तपासावी लागते, कारण ती घटल्यास मेंदूस इजा संभवते. श्वासावाटे साल्ब्युटामॉल हा दुसरा पर्याय होय. टाचेतून रक्त घेताना तांबड्या कोशिका फुटल्यास प्रमाण खोटेच वाढलेले दिसते, म्हणून निदानाची खातरजमा आवश्यक असते. परंतु हृद्‌विद्युत् आलेखात बदल दिसत असल्यास उपचारास विलंब करीत नाहीत.

सर्वांत उपयुक्त ठरलेला प्रतिबंध अनपेक्षित दिशेने आला. न्यूझीलंडमधील लिगिन्स व हाउई यांनी १९७२ मध्ये अकाली प्रसूतीचा संभव असलेल्या मातांना कॉर्टिकोस्टेरॉइड देऊन अर्भकांचा श्वसनविकार कमी होतो, असे दाखविले. अशा मातांच्या अर्भकांत अतिपोटॅशियमरक्तताही कमी आढळते, हे पुढील अभ्यासांत दिसून आले. अशा रीतीने या विकारावरील उपाययोजनेचा आरंभ अर्भकाच्या जन्मापूर्वीच होऊ लागला.