खिशातली चौकट

मंडळी, लग्नसराई संपली की घरात पत्रिकांचा गठ्ठा उरतो. त्यातली एक जाड पत्रिका आज बाजूला काढा. काळी असेल तर उत्तम, नसेल तर मार्करने काळी करून घ्या. तिचा साधारण आठ बाय साडेदहा सेंटीमीटरचा तुकडा कापा, म्हणजे शर्टाच्या खिशात सहज मावेल. मधोमध ४८ मिमी रुंद आणि ७२ मिमी लांब खिडकी कापा. ब्लेड नवं घ्या. कडा फुसकटल्या तर बघताना डोळा सारखा तिकडेच जातो.

आता एका कडेला भोक पाडून सुती दोरा ओवा आणि त्याला गाठी मारा. पहिली कार्डापासून ५६ मिमीवर, मग १००, १७० आणि २७० वर. गाठ गालाच्या हाडाला टेकवायची, दोरा ताणायचा, दुसरा डोळा मिटायचा. १०० ची गाठ ५० मिमीची लेन्स जेवढं बघते तेवढं दाखवते. ५६ ची २८ मिमीचं, १७० ची ८५ चं आणि २७० ची १३५ चं. जादू काही नाही. ३५ मिमी फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिमीची असते. आपली खिडकी तिच्या बरोबर दुप्पट, म्हणून अंतरही दुप्पट. कुणाकडे जुन्या स्लाइडचा रिकामा माउंट असेल तर एवढा खटाटोपही नको, तो डोळ्यापासून ५० मिमीवर धरला की झालं.

दुसरा डोळा मिटायचा तो कॅमेऱ्याला एकच डोळा असतो म्हणून. दोन डोळ्यांनी बघताना झाड पुढे आणि घर मागे असं सुटं सुटं दिसतं. एक मिटला की झाड घराला चिकटतं, आणि फोटोत ते तसंच चिकटणार असतं.

हा उद्योग कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचा आहे. इटलीतल्या अल्बर्टीने १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. डोळा आणि विषय यांच्या मध्ये चौकोन पाडलेला विरळ कापडाचा पडदा धरा, असं त्यात सांगितलं आहे. जर्मनीतल्या ड्यूररने १५२५ च्या पुस्तकात अशी यंत्रं लाकडी ठशांतून छापून दाखवली. त्याच्या एका प्रसिद्ध ठशात चित्रकार जाळीच्या चौकटीतून बघतोय आणि त्याच्या डोळ्यापुढे एक टोकदार खांब उभा आहे. डोळा जागचा हलू नये म्हणून. आपल्या दोऱ्याची गाठ म्हणजे तोच खांब, फक्त स्वस्तातला!

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो व्हॅन गॉग. १८८२ मध्ये हेगला असताना त्याने अशी चौकट बनवून घेतली. वाळूत, खडबडीत जमिनीवर ती घट्ट उभी राहावी म्हणून तिच्या पायांना लोहाराकडून लोखंडी टोकं बसवली आणि मोठ्या कौतुकाने भावाला पत्रातून चित्र काढून कळवलं. खिशात दमडी नाही आणि हा लोहाराकडे फेऱ्या मारतोय. पुढे फोटोग्राफर मंडळींनी चित्रकारांची ही खिडकी जशीच्या तशी उचलली. अमेरिकेतले ॲन्सेल ॲडम्स जड कॅमेरा तिकाटण्यावर चढवण्याआधी खिडकी कापलेल्या साध्या कार्डातून बघून घ्यायला सांगत.

उलटी देवघेवही झाली आहे, आणि ती आपल्या बाजूची आहे. चित्रकार सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले. तेव्हा मंडला आणि भंडारा एकाच मध्य प्रांतात होते. रझा १९३९ ते ४३ नागपूरच्या चित्रशाळेत शिकले आणि मग मुंबईला गेले. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची गाठ फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँशी पडली. रझांची निसर्गचित्रं बघून ब्रेसाँ म्हणाले, हात चांगला आहे पण चित्रात बांधणी नाही. इमारतीला पाया, भिंती, तुळया लागतात तसं चित्राचं असतं, सेझान बघा. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, रझा पॅरिसला गेले. आता एका फोटोग्राफरने चित्रकाराला बांधणी शिकवावी हे ऐकायला उफराटं वाटतं खरं, पण ब्रेसाँ स्वतः तरुणपणी आंद्रे लोतकडे चित्रकलाच शिकले होते. म्हणजे उधारी फिटली म्हणायची.

काहीजण खिडकीत दोरे ताणून तिचे नऊ भाग करतात. मी करत नाही. दोरे दिसले की माणूस छेदनबिंदूवर काहीतरी बसवायच्या मागे लागतो. त्यापेक्षा नजर आधी चारी कडांवरून फिरवावी. काय अर्धं कापलं जातंय, काय बाहेर राहतंय? मधलं आपोआप दिसतंच.

हे कडांचं एवढं का लावून धरलंय, ते विशेषतः आजोळच्या मंडळींसाठी सांगतो. पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं त्यात उठली, आपलं त्यातलंच एक. उठण्याआधी घरोघरी फोटो काढले गेले. आपल्याकडेही आहेत. पण सगळ्यांत माणसं मधोमध, ओळीने उभी, मागे भिंत. तेव्हा ते बरोबरच होतं. रोलमध्ये ३६ फोटो, क्लिक थ्री असेल तर बाराच, मग माणसं सोडून भिंतीचा फोटो कोण काढणार? आज मात्र मावशी विचारते ती घाटाकडे उतरणारी वाट, आणि मोठे मामा विचारतात तो कडुनिंब. दोन्ही कडेच्या बाहेर.

पण सगळं बाहेर नाही! चौकटी दोनदा कापल्या जातात, एकदा कॅमेऱ्यात आणि एकदा स्टुडिओत. ३५ मिमीच्या निगेटिव्हची लांबी-रुंदी तीनास दोन, आणि भिंतीवर लावायचा आठ बाय दहा इंची मोठा फोटो पाचास चार. निगेटिव्हची रुंदी पुरी ठेवून तो पूर्ण कागदभर काढला की लांबीचा सहावा हिस्सा गळतो. पाच बाय सातमध्येही थोडा जातोच. आपल्या कार्डावर हे बघायचं तर लांब बाजूला खिडकीच्या दोन्ही टोकांपासून ६-६ मिमी आत पेन्सिलने खुणा करा. त्या खुणांच्या बाहेर जे दिसतं ते बैठकीतल्या भिंतीवर कधी आलंच नाही. निगेटिव्हमध्ये मात्र ते असणार.

मामांच्या ट्रंकेत एक पाकीट सापडलं. एका निगेटिव्हच्या डाव्या कडेला खोडाचा पट्टा आहे आणि खाली पार. भिंतीवरच्या फोटोत यातलं काहीच नाही. तो तोच कडुनिंब असं मामांचं म्हणणं आहे. मावशीला अजून दाखवायचंय, कारण तिच्या मते पार चिंचेला होता.

तर भावंडांनो, ज्यांच्या घरी त्या वेळची पाकिटं असतील त्यांनी फोटोच्या आधी निगेटिव्ह शोधा. पट्ट्या कापू नका, बोटं लावू नका, कडांना धरा. स्कॅन करणाऱ्याला स्पष्ट सांगा की पूर्ण चौकट हवी, कडेची काळी रेघ दिसली तरी चालेल. फोटोच्या मागे पेनाने काही लिहिलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा. घाटाच्या वाटेचा अजून पत्ता नाही.