बाह्य पटलातील प्रथिने व 'ब' गटाच्या मेनिंगोकॉकसवरील लस

मेनिंगोकॉकस हा जंतू पुष्कळ निरोगी माणसांच्या घशात निरुपद्रवीपणे राहतो. परंतु तो रक्तात शिरला, तर धडधाकट बालकही एका दिवसात दगावू शकते. उपचारास इतका थोडा अवधी देणाऱ्या या रोगाविरुद्ध लस हाच मोठा आधार होय.

या जंतूभोवती बहुशर्करेचे वेष्टन असते. १९६९ मध्ये गोल्डश्नायडर, गॉटश्लिख व आर्टेनस्टाइन यांनी अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासावरून दाखविले, की रक्तातील जंतुनाशक प्रतिपिंडे या रोगापासून संरक्षण देतात. 'अ' व 'क' गटांच्या वेष्टनापासून ती निर्माणही करता आली. 'ब' गटाच्या बाबतीत मात्र हा उपाय निष्फळ ठरला. १९८३ मध्ये फिन्ने व त्यांचे सहकारी यांनी त्याचे कारण पुढे मांडले : या गटाची बहुशर्करा मेंदूतील घटकांशी जुळते, त्यामुळे शरीर तिला परकी मानीत नाही.

तेव्हा संशोधकांची दृष्टी वेष्टनाखालील बाह्य पटलाकडे वळली. पटलाचे सूक्ष्म फुगे अलग करून, त्यांतील प्रथिनांच्या आधारे क्यूबा व नॉर्वे येथे लसी तयार झाल्या. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत त्यांची परिणामकारकता अनुक्रमे ८३ व ५७ टक्के आढळली. तथापि 'पोर-ए' हे पटलातील प्रमुख प्रथिन वाणागणिक बदलते. म्हणून अशी लस मुख्यत्वे एकाच वाणाच्या साथीस उपयोगी पडते. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून पसरलेली साथ अशीच होती. तेथे २००४ मध्ये त्याच वाणापासून केलेली लस देण्यास प्रारंभ झाला.

अनेक वाणांवर चालणारी प्रथिने शोधावयाची, तर निराळा मार्ग हवा होता. २००० मध्ये जंतूचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. राप्पुओली यांच्या गटाने त्यावरून सुमारे ३५० प्रथिने तयार करून उंदरांवर पारखली. निवडलेल्या प्रथिनांपैकी एक मानवी रक्तातील 'एच' घटकास चिकटून जंतूचा बचाव करते. त्याविरुद्धची प्रतिपिंडे ही ढालच काढून घेऊ शकतात. अशी प्रथिने व न्यूझीलंडच्या लसीतील फुगे यांच्या संयोगाने झालेल्या लसीस २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. २०१५ पासून ब्रिटनमध्ये ती अर्भकांना देण्यात येऊ लागली.

परम्याचा जंतू मेनिंगोकॉकसचा निकटचा आप्त आहे. न्यूझीलंडची लस घेतलेल्यांत परम्याचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांनी कमी असल्याचे २०१७ मध्ये दिसून आले. वेष्टन निरुपयोगी ठरल्यामुळे पत्करलेल्या मार्गाने, ज्या रोगावर लसच नव्हती त्याच्या प्रतिबंधाचीही आशा अशी निर्माण केली.